नाशिकमधून समुपदेशक व्हायचंय? कोर्सचं नाव नंतर, तास आधी मोजा

मे महिन्यात निकाल लागायला लागले की मला फोन येतात. "मॅडम, बीए सायकॉलॉजी झालंय. आता समुपदेशक व्हायला कोणता कोर्स करू?" पूर्वी मी कोर्सची नावं सांगायचे. आता उलट विचारते: त्या कोर्समध्ये तुम्ही खऱ्या माणसासमोर किती तास बसणार, आणि तिथं काय बोललात ते नंतर कोण तपासणार? पलीकडे बहुतेक वेळा शांतता. माहितीपत्रकात फीचा आकडा असतो, विषयांची यादी असते, पदवीदानाचा फोटो असतो. हे तेवढं नसतं.

मी स्वतः हे न विचारताच शिकले. एमएनंतर एका संस्थेचा (नाव राहू दे) समुपदेशनाचा पदविका कोर्स केला. वर्षभर रविवारी स्लाइड्स पाहिल्या, थिअरीचे पेपर दिले, जाड कागदावरचं प्रमाणपत्र मिळालं. मला एखाद्या माणसाशी बोलताना मात्र त्या वर्षात एकदाही कुणी ऐकलं नाही. पहिली बाई समोर बसून रडायला लागली तेव्हा मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ती पाणी प्यायली. मग आम्ही दोघी ग्लासाकडे बघत बसलो.

तर तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय. मी नाशिकची, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

आधी पाटीवर काय लिहिणार ते ठरवा

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'मनाचे डॉक्टर' म्हणतात, पण रस्ते वेगळे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी हवी. ही परिषद १९९२च्या कायद्यानं आली आणि तिचा सीआरआर (नोंदणी) क्रमांक मिळाल्याशिवाय ती उपाधी लावता येत नाही. 'एमए क्लिनिकल' एवढं गुणपत्रिकेवर छापून आलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. ही गल्लत नाशिकच्या अनेक पाट्यांवर दिसते. आजवर त्या वाटेवर एमफिल होतं. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिलच गेलं, त्यामुळे तिथली रचना बदलते आहे. तिकडे जायचं असेल तर मैत्रिणीच्या ताईनं काय केलं ते विचारू नका. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा.

समुपदेशकाचं काम निदान आणि औषधांच्या अलीकडचं. नातेसंबंध, अभ्यास, शोक, नोकरी, व्यसनातून बाहेर पडणं, लग्नाआधीचे आणि नंतरचे प्रश्न. आता याही कामाला कायद्याची चौकट आली आहे. २०२१ साली संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आरसीआयच्या कक्षेत न येणारे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते त्याच्या यादीत 'वर्तनविषयक आरोग्य' या गटात आहेत. नोंदणीची व्यवस्था टप्प्याटप्प्यानं उभी राहते आहे. या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते: तोही तास मोजतो. संलग्न व्यावसायिकाचं शिक्षण किमान २,००० तासांचं, आरोग्यसेवा व्यावसायिकाचं किमान ३,६०० तासांचं, अशी त्यातली व्याख्या आहे. शनिवार-रविवारचं 'सर्टिफाइड कौन्सेलर' शिबिर त्यापुढे कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू सांगणारी ती डीएमआयटी चाचणी. तिची फ्रँचायझी घेऊन 'करिअर कौन्सेलर' झालेले लोक शहरात बरेच आहेत. तिला शास्त्रीय आधार नाही. त्या वाटेला जाऊ नका.

एमए: घरबसल्याचा रस्ता बंद झालाय

पाया म्हणजे मानसशास्त्रातली दोन वर्षांची एमए किंवा एमएससी. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं एक सवय होती. नोकरी किंवा संसार सांभाळून दूरस्थ पद्धतीनं एमए करायचं. मुक्त विद्यापीठच आपल्या गंगापूर धरणाच्या वाटेवर, त्यामुळे 'मुक्तमधून करते' हे वाक्य इथं घराघरांत ऐकू येतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी जोडलेल्या विषयांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देण्यावर बंदी घातली. कारण वर सांगितलेला २०२१चा कायदाच. त्यामुळे कुठल्याही एजंटानं 'ऑनलाइन एमए सायकॉलॉजी, एका वर्षात डबल डिग्री' असं सांगितलं तर फोन ठेवून द्या. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी हा निर्णय जाचक आहे, हे मी नाकारत नाही. चाळिशीत शिकायला निघालेल्या कितीतरी बायका त्यानं घरी बसल्या. पण ऐकायचं कसं हे पोस्टानं आलेल्या पुस्तकातून शिकता येतं, असंही मला कधी वाटलं नाही.

नाशिकची कला-विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातल्या महाविद्यालयांत स्वतः जाऊन विभागप्रमुखांना भेटा आणि पदव्युत्तर वर्ग यंदा चालू आहे का, विशेषीकरण कोणतं देतात, हे विचारा. संकेतस्थळावर जुनी माहिती पडून असते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जायचं असेल तर प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असते. मेमध्ये जागं होणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं.

नव्या रचनेत एमएच्या पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. समुपदेशक व्हायचं असेल तर ही सोय वापरू नका. पहिलं वर्ष बहुतेक सिद्धांत आणि संशोधनपद्धतीत जातं, माणसं भेटतात ती पुढे.

एमएसडब्ल्यूचाही, म्हणजे समाजकार्यातल्या एमएचा, विचार करून ठेवा. कौटुंबिक न्यायालयं १९८४च्या कायद्यानं आली आणि त्या कायद्यातच समुपदेशकांची तरतूद आहे. आपल्याकडे विवाह समुपदेशकाच्या जागांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. पोलीस ठाण्यांशी जोडलेल्या महिला व बालकांच्या विशेष कक्षातही समाजकार्याचीच माणसं काम करतात. पोटगी, मारहाण, ताबा या प्रश्नांत तुमचा जीव रमत असेल तर मानसशास्त्रापेक्षा तो रस्ता सरळ पडेल. शिक्षकांसाठी आणखी एक चांगली वाट आहे, एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका कोर्स. सहा महिने स्वयंअध्ययन, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्यांना भोपाळचं केंद्र त्यातल्या त्यात जवळ.

प्रवेश घेण्याआधी तिथल्या माणसांना छळा

फी भरण्याआधी विचारायचंच. दोन वर्षांत मी किती प्रत्यक्ष सत्रं घेणार? 'केस स्टडी लिहायच्या आहेत' असं उत्तर आलं तर पुढे विचारा: कुणाच्या? मागच्या बॅचच्या मुलांनी शेजारच्या काकूंना चार प्रश्न विचारून केस लिहिल्या असतील, तर ते मागच्या बॅचची मुलंच सांगतात. कँटीनमध्ये गाठा त्यांना.

दुसरं, सुपरव्हिजन, म्हणजे तुमची सत्रं तपासून शिकवण्याचं काम, कोण करतं? जो आजही स्वतः क्लायंट बघतो असा माणूस आहे का? एका सुपरव्हायझरमागे विद्यार्थी किती? साठ असतील तर सुपरव्हिजन नाही, हजेरी आहे. तिसरं, रेकॉर्डिंग किंवा शब्दशः नोंद तपासतात का. या प्रश्नाला समोरच्यानं 'म्हणजे काय?' असं विचारलं तर आभार मानून जिना उतरा.

ऐकायची शाळा

प्रशिक्षणातला खरा भाग इथं आहे, त्यामुळे इथं जरा थांबते.

तिघांचा गट करतात. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. वीस मिनिटं, मग भूमिका बदलायच्या. बोलणाऱ्यानं नाटक करायचं नाही, स्वतःचं खरंच काहीतरी छोटं सांगायचं. घरमालकाशी झालेली कुरबुर चालेल, बालपणीचा आघात नको. निरीक्षकानं सल्ला द्यायचा नाही, फक्त लिहायचं: ऐकणाऱ्यानं किती प्रश्न विचारले, कुठे मध्येच तोडलं, कुठे विषय बदलला.

माझी पदविका फुकट गेल्यावर मी पुण्याच्या एका सुपरव्हायझर बाईंकडे महिन्यातून दोनदा जायला लागले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी शब्दशः नोंदीला बसवलं. फुलस्केप कागद आडवा धरायचा आणि चार रकाने आखायचे. क्लायंट काय म्हणाली, मी काय म्हणाले, त्या वेळी माझ्या आत काय चाललं होतं, आणि आता काय म्हणाले असते. दहा मिनिटांचं संभाषण लिहायला मला अडीच तास लागले. वाचून झाल्यावर बाईंनी लाल पेनानं फक्त एकच शब्द गोल केला. अकरा वेळा. 'का'.

"का गेलात तुम्ही माहेरी?" "का बोलला नाहीत?" "का वाटलं असं?"

बाई म्हणाल्या, "मराठीत 'का' विचारतं कोण? आई विचारते, मास्तर विचारतात, सासू विचारते. माणूस लगेच सफाई द्यायला लागतं." खरं होतं. माझी ती क्लायंट अकराही वेळा स्वतःची बाजू मांडत होती आणि मी लिहून ठेवलं होतं, 'क्लायंट बचावात्मक आहे'. त्यानंतर दोन महिने मी 'का'ला बंदी घातली. 'मग काय झालं?', 'तेव्हा मनात काय आलं?', 'तिथून निघताना कसं होतं?' एवढ्यावर भागवलं. तुम्हीही करून बघा. घरी नवऱ्यावरही चालतं.

दुसरी खोड सगळ्यांना असते ती धीर देण्याची. 'काळजी करू नका, होईल सगळं नीट.' रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं, हे वाक्य येण्याआधी तीन-चार सेकंद कुणी बोलत नसतं. ते आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण धीर देतो. कार्ल रॉजर्सनं १९५७ मध्ये समुपदेशनाला लागणाऱ्या अटी मांडल्या. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा आतून-बाहेरून एकसारखा प्रामाणिकपणा या त्यातल्या मुख्य. परीक्षेत हे पाच गुणांना येतं. ते चार सेकंद शांत बसता येणं हे त्याचं प्रात्यक्षिक.

पुस्तक इंग्रजीत, माणूस मराठीत

एमएची पुस्तकं इंग्रजी, प्रात्यक्षिकातले नमुना संवादही इंग्रजी. मग मुलं क्लायंटसमोर बसून म्हणतात, "मला ऐकू येतंय की तुम्हाला दुःख होत आहे." निफाडकडचे द्राक्षबागायतदार काका या वाक्याकडे कसं बघतील, डोळ्यांसमोर आणा.

माझ्याकडे असेच एक काका आले होते. छातीत धडधड म्हणून आधी फॅमिली डॉक्टर, मग ईसीजी, ईसीजी नॉर्मल, मग 'जरा मॅडमशी बोलून या'. 'उदास वाटतं का?' या प्रश्नावर सरळ 'नाही' म्हणाले. खोटं बोलत नव्हते. उदास हा शब्दच त्यांच्या रोजच्या बोलण्यात नाही. बऱ्याच वेळानं आपणहून म्हणाले, "बाग उभी हाय मॅडम, मीच खाली बसलोय." मी एवढंच म्हटलं, "तुम्ही खाली बसलाय." मग ते पाऊण तास बोलले.

म्हणून एक वही करा. माणसं मनाबद्दल जे शब्द वापरतात ते टिपत जा: करमत नाही, जीव खालीवर होतो, डोकं भणभणतं, धास्ती बसलीय, कशातच राम नाही, घर खायला उठतं, जिवाचा कंटाळा आला. प्रत्येकापुढे लिहा, हे म्हणणाऱ्याला झोप कशी होती, भूक कशी होती, मरणाचा विचार होता का. 'टेन्शन आलंय' या एका शब्दाखाली परीक्षेच्या भीतीपासून मारहाणीपर्यंत काहीही असतं. आपल्या जिल्ह्यात तर मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली. सगळ्या बोली यायला हव्यात असं नाही, पण 'म्हणजे कसं होतं, मला नीट सांगा' असं न लाजता विचारता यायला हवं.

आणि माणूस एकटा येत नाही. भाऊ, सासरे, शेजारचे गुरुजी बरोबर असतात आणि तेच बोलतात. इंग्रजी पुस्तकात ही खोलीभर माणसं नाहीत. मी सगळ्यांचं दहा मिनिटं ऐकते, चहा सांगते आणि मग म्हणते, "आता मी ताईंशी एकटीशी बोलते, ही आमची रीत आहे." 'रीत' म्हटलं की लोक ऐकतात. 'गोपनीयता' म्हटलं की संशय घेतात.

नाशिकमध्ये तास कुठे भरायचे

शाळांपासून सुरू करा. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यातलं एक कलम. खासगी क्लासेसही त्यात आले. त्यामुळे मागणी वाढली आहे, पण सावध राहा. बऱ्याच ठिकाणी समुपदेशकाला ऑफ तासाला वर्गावर पाठवतात किंवा 'या मुलाला जरा समजावा' म्हणून शिस्तीचं काम देतात. रुजू होण्याआधी स्वतंत्र खोली आणि ठरलेली वेळ लेखी मागा.

त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी परवानगीचे कागद फिरायला वेळ लागतो. महाविद्यालयाचं पत्र सत्र सुरू होताच टाका. सरकारी आरोग्यव्यवस्थेत एचआयव्ही तपासणीची आयसीटीसी केंद्रं आणि किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक आहेत. तिथल्या समुपदेशकांच्या शेजारी बसून महिनाभर नुसतं बघितलंत तरी वाईट बातमी कशी सांगायची ते कळतं. व्यसनमुक्ती केंद्रं निवडताना मात्र पारखून घ्या. जिथं रुग्णाला कोंडून ठेवतात तिथं शिकण्यासारखं काही नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम मिळतं, पण तिथं एचआर विचारतो, 'तो काय म्हणाला?' याचं उत्तर काय देणार ते करारातच लिहून घ्यायचं.

एक बारीक गोष्ट. दिंडोरी-निफाडच्या माणसांना द्राक्षकाढणीच्या दिवसांत दर आठवड्याला बोलावू नका. ते येणार नाहीत, आणि तुम्ही वहीत 'प्रतिरोध', म्हणजे मदत टाळतोय, असं लिहाल.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, ठिकाण, सत्राचा क्रमांक, कालावधी, सुपरव्हिजन कधी झालं. क्लायंटचं नाव नको, खुणेचा क्रमांक. पुढे नोंदणीसाठी, नोकरीसाठी किंवा पीएचडीसाठी हीच वही दाखवावी लागते, आणि तीन वर्षांपूर्वीचे तास आठवून कुणालाच लिहिता येत नाहीत.

कायदा बोलणं सुरू होण्याआधी सांगायचा असतो

अकरावीतली मुलगी समोर बसते आणि म्हणते, "कुणाला सांगणार नाही ना?" नवा समुपदेशक घाईनं 'नाही नाही' म्हणतो. इथंच चूक होते. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. समुपदेशकाला सूट नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं स्वखुशीचं प्रेमप्रकरणही कायद्याच्या लेखी त्यात येऊ शकतं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत, तिच्या भाषेत: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर कुणी तसा अत्याचार केला असेल, तर मला पुढे सांगावं लागतं. सांगायच्या आधी तुला मी सांगेन." हे वाक्य आरशासमोर वीस वेळा म्हणा. अडखळत म्हटलं तर मुलं घाबरतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्यातलं कलम २३ गोपनीयतेचं, आणि कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या ३०९ कलमासारखं कलम उरलेलं नाही. तरी 'पोलीस केस होईल' या भीतीनं घरचे आजही लपवतात. हे दोन मुद्दे तोंडपाठ असले की त्यांना बोलतं करता येतं.

आणि मरणाच्या विचाराबद्दल थेट विचारायचं. विचारल्यानं डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?' शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा कुठे ठेवलाय आणि त्याची किल्ली आज कुणाकडे जाईल, इथपर्यंत बोलायचं. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत मिळते, तिचा नववा प्रश्न याचाच आहे. बेरीज कमी आली म्हणून नवव्या प्रश्नाचं उत्तर न बघता कागद फाइलला लावणारे मी पाहिलेत. उत्तर शून्य सोडून काहीही असेल तर तिथं थांबायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं आणि घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्यायचं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून आहे. तो चिठ्ठीवर लिहून हातात द्या, मोबाइलमध्ये सेव्ह करायला सांगून सोडू नका.

एमएनंतरची दोन वर्षं

इथून पुढे एखादी पद्धत नीट शिका. सगळ्यातलं थोडं थोडं घेणारे 'एक्लेक्टिक' म्हणवतात, पण बहुतेकांना कुठलीच नीट येत नसते. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी, मराठीतून शिकता येतो ही आपली जमेची बाजू. अल्बर्ट एलिस यांनी पन्नासच्या दशकात मांडलेली ही पद्धत 'असं झालंच पाहिजे' या हट्टाला हात घालते, आणि मराठी घरांत हा 'च' भरपूर सापडतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं या विचाराच्या प्रसारात मोठं काम आहे. ॲरन बेक यांची विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी सीबीटी, कुटुंबोपचार, शोकसमुपदेशन यांतलं तुमच्या क्लायंटना काय लागतं ते बघून ठरवा. मुंबईचा कोर्स पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन-येऊन होतो, मी केलाय. परतीच्या प्रवासात नोंदी लिहून होतात.

सुपरव्हिजन सोडू नका. सुरुवातीला मी दर आठ-दहा सत्रांमागे एक तास हा हिशेब ठेवला होता, त्यासाठी पैसेही मोजत होते. कमाईतला चौथा हिस्सा त्यात जायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "शिकून झालंय ना तुझं?" आता ऑनलाइन सुपरव्हिजन मिळतं, पुण्याची बस पकडावी लागत नाही. स्वतःचं समुपदेशनही घ्या, निदान दहा-बारा सत्रं. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून 'आज काय बोलावं' हा पेच अनुभवला की पुढे क्लायंट उशिरा आला तर राग येत नाही.

खोली, घड्याळ आणि कॉलेज रोड

शहर लहान आहे. आज तुमच्यासमोर रडलेली बाई रविवारी कॉलेज रोडला भेळेच्या गाडीवर दिसणार, तिच्या जावेसोबत. याचं काय करायचं ते पहिल्या सत्रातच ठरवून टाका. मी सांगते, "बाहेर दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन." नातेवाईक, मुलाच्या वर्गातल्या पालक, सोसायटीतली माणसं यांना घेऊ नका, दुसऱ्याकडे पाठवा. त्यासाठी शहरातल्या चार समुपदेशकांशी आणि दोन मानसोपचारतज्ज्ञांशी ओळख हवी. एमए चालू असतानाच जाऊन भेटा, रिकाम्या हातानं नाही, तुमचे प्रश्न घेऊन.

खोली भाड्यानं घेताना दार बंद करून आत मैत्रिणीला मोठ्यानं बोलायला लावा आणि बाहेर बाकावर बसून ऐका. माझी पहिली खोली गंगापूर रोडला एका टायपिंगच्या दुकानामागे होती. भिंत प्लायवूडची. आतलं सगळं बाहेर जायचं, म्हणून मी बाहेर जुना टेबलफॅन लावला, त्याच्या घरघरीत शब्द बुडायचे. खुर्च्या समोरासमोर नको, जरा तिरक्या. घड्याळ क्लायंटच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ बघायला मनगट वळवावं लागत नाही. पन्नास मिनिटं झाली की थांबायचं, पाच मिनिटं आधी सांगून. नोंदींचं कपाट कुलूपबंद, आणि किल्ली सफाईच्या मावशींकडच्या जुडग्यात नको.

फी पहिल्या फोनवरच सांगा. रडून झाल्यावर पैशाचं बोलायला दोघांनाही जड जातं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या दोन वेळा राखून ठेवा, पण त्या वेळाही वहीत लिहिलेल्या असू द्या, नाहीतर सगळा आठवडाच तसा होतो. पावती द्या. नाव नको असेल तर पावतीवर फक्त तारीख, रक्कम आणि 'सल्ला शुल्क' एवढंच लिहा. पाकीट नवऱ्यानं उघडलं तरी त्यातून फार काही कळत नाही.